डासाची जात की डासाचं वाण?

प्रश्न असा आला आहे: "'डासांच्या जातीनुसार डेंग्यू पसरवण्याची क्षमता बदलते' असं वाक्य वाचलं. डेंग्यूचा मुख्य डास तर एकच, एडीस इजिप्ती. मग इथे 'जाती' बरोबर आहे का?"

बरोबर नाही. एडीस इजिप्ती ही एक जात, पाठीवर एकच पांढरी रेघ असलेला एडीस अल्बोपिक्टस ही दुसरी. त्या वाक्याचा रोख वेगळा आहे. कोल्हापुरात रंकाळा तलावाजवळच्या हौदात वाढलेला इजिप्ती आणि पश्चिम आफ्रिकेच्या रानातला इजिप्ती एकाच जातीचे. पण ठिकठिकाणचे इजिप्ती डेंग्यूचा विषाणू सारख्याच सहजपणे धरत नाहीत. डुएन गबलर हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1979 मध्येच हे प्रयोगांतून दाखवलं होतं.

यासाठी आपल्या शेतात शब्द आहे, वाण. कोल्हापूरकडे उसाच्या बांधावर पहिला प्रश्न हाच, "कुठलं वाण लावलंयस रं?" ऊस तोच, पण 86032 वेगळं, 265 वेगळं. एखादं वाण काणी रोगाला लवकर बळी पडतं, एखादं तग धरतं. फक्त वाण माणसाने निवडलेलं असतं, डास तसे निवडलेले नाहीत. म्हणून बोलताना 'वाण' म्हणा, लिहिताना 'त्या त्या ठिकाणचे डास' हेच बरं.

मला जास्त खटकतं ते 'पसरवण्याची क्षमता'. मादी रुग्णाचं रक्त पिते, तेव्हा विषाणू आधी तिच्या आतड्याच्या पेशींत रुजावा लागतो, मग तिथून सुटून लाळेच्या ग्रंथींत पोचावा लागतो. याला साधारण 8 ते 12 दिवस लागतात. काही डासांत तो आतड्यातच अडकतो. तसा डास चावेल, पण डेंग्यू देणार नाही. हा शरीरातला गुण म्हणजे 'वाहकक्षमता'. 'पसरवणं' त्याहून मोठं: त्यात डासांची संख्या, त्यांचं आयुष्य, माणसालाच चावायची सवय हेही येतं.

'वाण नाही पण गुण लागला' या म्हणीतला वाण म्हणजे रंग, मूळ 'वर्ण'. वोल्बाकिया जिवाणू घातलेल्या इजिप्तीला ती चपखल बसते: दिसायला तसाच, पण विषाणू त्याच्यात फारसा वाढत नाही. इंडोनेशियात योग्याकार्ता शहराच्या ज्या भागांत असे डास सोडले, तिथे डेंग्यूचे रुग्ण इतर भागांपेक्षा 77 टक्क्यांनी कमी आढळले. हे निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले.

तेव्हा ते वाक्य असं लिहावं: 'एकाच जातीच्या, पण वेगवेगळ्या ठिकाणच्या डासांची डेंग्यूची वाहकक्षमता वेगवेगळी असते.'