कॉम्प्युटरनं बोलावलं, म्हणजे कॅन्सरच असणार का?

"मॅडम, खरं सांगा. त्या कॉम्प्युटरला कॅन्सर दिसला ना?" खुर्चीत नीट टेकायच्या आधीच काकांनी विचारलं. काकू फाइल छातीशी धरून शेजारी उभ्याच.

दोन वर्षांपूर्वी मूतखड्यासाठी सीटी स्कॅन केला, तेव्हा काकांच्या स्वादुपिंडात १४ मिलिमीटरची सिस्ट, म्हणजे पाण्याची गाठ, दिसली होती. 'सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी' हे वाक्य रिपोर्टच्या अगदी शेवटी होतं. खडा पडला आणि ते वाक्य तिथंच राहिलं. आता रुग्णालयातून फोन गेला: "आमच्या एआय सिस्टीममध्ये तुमचं नाव आलंय, लगेच भेटा." (असं फोनवर बोलायचं नसतं, हे मी नंतर आमच्या लोकांना बजावलं.) चार रात्री काकांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

हल्ली हीच भीती घेऊन बरेच जण येतात. मी आधी धीर देत नाही, रिपोर्ट उघडते. "काका, त्या प्रोग्रामनं तुमचं पोट बघितलेलं नाही. त्यानं हा कागद वाचलाय." जुन्या रिपोर्टांच्या ढिगातून तो सिस्टचे उल्लेख हुडकतो, आकार, स्वादुपिंडातल्या मुख्य नलिकेची रुंदी, सिस्टच्या भिंतीवर आतून घट्ट गाठ आहे का, हे टिपतो आणि तपासणीची तारीख टळलेल्यांची यादी करतो. काकांचं नाव त्या यादीत होतं. अशा बहुतेक सिस्ट कॅन्सरपर्यंत जात नाहीत. काही प्रकारांत मात्र हळूहळू बदल होऊ शकतो, म्हणून नजर ठेवायची.

"आणि ते चुकलं तर?" काकूंनी विचारलं. चुकतंही. 'भिंतीवर गाठ नाही' यातला 'नाही' निसटला की अर्थच उलटा. म्हणून यादीतला प्रत्येक रिपोर्ट आमचे डॉक्टर स्वतः वाचतात.

काकूंचा राग वेगळाच होता. "दोन वर्षं माणसांना आठवण झाली नाही, ती यंत्राला झाली." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. माफी मागितली.

एमआरआय झाला. १६ मिलिमीटर. प्रोग्रामनं 'वाढ' अशी खूण केली आणि काकांचा चेहरा पुन्हा उतरला. डॉक्टरांनी दोन्ही स्कॅन शेजारी लावून दाखवले: सीटी आणि एमआरआयच्या मोजणीत एवढा फरक पडू शकतो. स्वादुपिंडाच्या अशा काही सिस्टसाठीच्या २०२४ च्या आंतरराष्ट्रीय क्योटो मार्गदर्शक सूचनांत वर्षाला २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त वाढ चिंतेची धरली आहे. काकांची सगळी धरली तरी वर्षाला एक. नलिका रुंदावलेली नाही, भिंतीवर गाठ नाही, कावीळ नाही. पुढची तारीख ठरली.

"म्हणजे आता मी विसरलो तरी चालेल?" काका निघताना पहिल्यांदा हसले.

"नाही हं. दुसरीकडे स्कॅन केलात तर तो रिपोर्ट या प्रोग्रामला दिसणारच नाही. प्रत इथं आणून द्यायची."

काकूंनी माझ्या टेबलावरचं पेन उचललं आणि फाइलच्या वरच पुढची तारीख ठळक लिहिली.