अंग तापणे म्हणजे ताप नव्हे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

उन्हाळा लागला की येणाऱ्या प्रश्नांत एकच गैरसमज वेगवेगळ्या शब्दांत दिसतो, तो म्हणजे अंग तापले की ताप आला. या समजुतीपायी जीव जातात, म्हणून निवडक प्रश्नांना येथे उत्तर देत आहे.

प्रश्न : एसीमध्ये बसले की मला वारंवार लघवीला का होते?

थंडीत मज्जासंस्था त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचित करते, रक्त आतल्या भागात वळते आणि मूत्रपिंडे जास्तीचे पाणी बाहेर टाकतात. रात्रीही उठावे लागत असेल किंवा तहान वाढली असेल, तर रक्तातील साखर तपासून घ्यावी.

प्रश्न : खिशात कांदा ठेवल्याने ऊन बाधत नाही, हे खरे का?

नाही.

प्रश्न : वडील (वय ६८) दुपारी शेतातून आले, तेव्हा अंगाला हात लावला तर चटका बसत होता आणि ते असंबद्ध बोलत होते. पॅरासिटामॉल देऊन ताप उतरण्याची वाट पाहिली आणि संध्याकाळी दवाखान्यात नेले. आता ते घरी आहेत. आमचे काय चुकले?

वाट पाहिली, हे चुकले. शरीराचे तापमान किती असावे हे मेंदूतील हायपोथॅलॅमस ठरवतो. जंतुसंसर्गात तो स्वतःच ती पातळी वर नेतो, म्हणून अंग तापलेले असूनही हुडहुडी भरते, आणि पॅरासिटामॉल ती पातळी पुन्हा खाली आणते. उष्माघातात पातळी ३७ अंशांच्या आसपासच असते. मज्जासंस्था रक्तवाहिन्या रुंदावून आणि घाम आणून उष्णता बाहेर टाकण्याचा आटोकाट प्रयत्न करीत असते, पण तो अपुरा पडतो. अशा वेळी गोळीला खाली आणण्यासारखे काही उरत नाही, उलट उष्णतेने दुखावलेल्या यकृतावर आणखी भार पडतो.

शरीराचे आतले तापमान ४० अंशांवर गेले आणि बोलण्यावागण्यात फरक पडला, तर तो उष्माघात समजावा. त्वचा कोरडी पडण्याची वाट पाहू नये, कारण कष्ट करणाऱ्याला उष्माघातातही घाम येत असतो. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, पण तो वाळला तरच. दमट हवेत तो नुसता ओघळतो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावरील समारंभात उष्माघाताने माणसे दगावली, ती विदर्भाच्या उन्हात नव्हे, समुद्राजवळच्या हवेत.

करायचे ते असे : १०८ ला फोन करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत रुग्णाला सावलीत निजवून, कपडे काढून, अंगावर गार पाणी ओतत जोराचा वारा घालावा, मान, काखा आणि जांघेत बर्फ ठेवावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडाने पाणी पाजू नये. पहिल्या अर्ध्या तासात शरीर थंड झाले, तर मेंदू आणि मूत्रपिंडे वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

वडिलांच्या मूत्रपिंडांची आणि यकृताची तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने याच आठवड्यात करून घ्यावी. रक्तदाबासाठी लघवीची गोळी किंवा ॲलर्जीसाठी झोप आणणारी गोळी चालू असेल, तर तीही त्यांना दाखवावी. पहिलीने पाणी कमी होते, दुसरीने घाम. मनाने मात्र काहीही बंद करू नये.

प्रश्न : दुकानात मिळणारे तयार ‘ओआरएस’ पेय रोज प्यावे का?

नको. खऱ्या ओआरएसमध्ये एक लिटर पाण्याला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असते, सोबत पोटॅशियम आणि सायट्रेट. हे प्रमाण आतड्याने सोडियम आणि पाणी शोषावे म्हणून ठरवलेले आहे. गोड सरबतावर तीन अक्षरे छापून आजारी लेकरांच्या आईबापांना ते विकणे हा निव्वळ धंदा होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात तो शब्द वापरण्यास मनाई केली. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र लिहिले आहे का ते पाहावे. मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

प्रश्न : अंथरुणातून उठताच डोळ्यांपुढे अंधारी येते. अशक्तपणा असेल का?

मानेतील धमनीत रक्तदाबाची जाणीव घेणारी चेताटोके असतात. आपण उभे राहताच त्यांच्या इशाऱ्यावरून काही सेकंदांत नाडी वाढते आणि रक्तवाहिन्या आवळतात. पाण्याची कमतरता, काही औषधे किंवा जुना मधुमेह यांमुळे हे काम मंदावते. शक्तीच्या बाटल्या आणू नयेत. झोपून आणि मग उभे राहून तीन मिनिटांत रक्तदाब मोजून घ्यावा. वरचा आकडा २० किंवा अधिक उतरत असेल, तर चालू गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरांना भेटावे.