मायग्रेनवर हर्बल औषधं घेतली तर चालतं का, सेफ असतात का?

काहींना फरक पडतो, पण हर्बल म्हणजे सेफच असं अजिबात धरून चालू नका. बटरबर या वनस्पतीचंच बघा ना, 2012 मध्ये अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजी या मेंदूविकार तज्ज्ञांच्या संघटनेने मायग्रेन टाळायला ते चांगलं म्हणून सांगितलं होतं आणि 2015 मध्ये लिव्हरच्या धोक्यामुळे ती शिफारस मागे घेतली, त्यामुळे मी तरी ते कुणालाच घ्या म्हणणार नाही. फीव्हरफ्यू या दुसऱ्या वनस्पतीने काहींचे अटॅक थोडे कमी होतात, पण तोंड येऊ शकतं, प्रेग्नन्सीत तर नकोच, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा आणि रोज घेत असाल तर एकदम बंद करू नका, डोकेदुखी उलट वाढू शकते. मळमळीला आलं करून बघायला हरकत नाही. डोकं अचानक भयंकर दुखलं किंवा बोलताना जीभ अडखळली तर काढे-बिढे सोडा, सरळ हॉस्पिटल गाठा.