एकाच घरातली सर्दी, दमा मात्र एकाच मुलाला

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षांचा आणि मुलगी चार वर्षांची आहे. सर्दी झाली तर मुलगी दोन दिवसांत पुन्हा खेळू लागते. मुलाची मात्र सर्दी छातीत उतरते, रात्री धाप लागते आणि श्वास सोडताना बारीक शिट्टी वाजावी तसा आवाज येतो. डॉक्टरांनी बालदम्याचे निदान केले आहे. मलाही लहानपणी दमा होता. त्याची प्रतिकारशक्ती माझ्यामुळे कमी पडते का? मुलगी कशी सुटली? जनुकीय तपासणी करून घ्यावी का?

उत्तर : प्रथम मनातला अपराधीपणा काढून टाका. दम्याचा कल घराण्यातून येतो हे खरे, पण तो एका जनुकाने ठरत नाही. अनेक जनुकांमधले लहान लहान फरक त्यात असतात, आणि आईवडिलांकडून त्यांतले कोणते कोणाच्या वाट्याला यावेत हे प्रत्येक मुलागणिक वेगळे असते. सख्ख्या भावंडांमध्ये म्हणूनच एवढी तफावत दिसते.

‘प्रतिकारशक्ती कमी’ हा शब्दप्रयोगही येथे फसवा आहे. बहुतेक दमेकरी मुलांमध्ये ती दुबळी नसते, ती नको तितकी आणि एकाच दिशेने भडकते. श्वासनलिकेच्या अस्तराला विषाणूची किंवा धुळीतल्या किड्यांची झळ लागली की अस्तराच्या पेशी आयएल-३३ आणि टीएसएलपी हे इशारा देणारे रेणू सोडतात. त्यांच्या हाकेने जाग्या झालेल्या पेशी पुढचे इशारा-रेणू सोडतात : आयएल-५ हा इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींना बोलावतो, तर आयएल-१३ मुळे कफ वाढतो आणि नलिका चिडखोर होते. या इशाऱ्यांच्या जनुकांमध्येच दम्याशी निगडित फरक आढळले आहेत.

तुमच्या मुलाच्या सर्दीशी जवळचे एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. सीडीएचआर३ नावाचे प्रथिन अस्तराच्या पेशींवर असते. त्याच्या ५२९ व्या जागी सिस्टीनऐवजी टायरोसीन हे अमिनो आम्ल आले, तर ते प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर अधिक प्रमाणात येते. लहान मुलांच्या दम्याच्या तीव्र झटक्यांशी या फरकाचा संबंध २०१४ मध्ये दिसला, आणि राइनोव्हायरस-सी हा सर्दीचा विषाणू याच प्रथिनाला धरून पेशीत शिरतो हे २०१५ मध्ये उमगले. जनुकातल्या एका अक्षराचा हा फरक, पण विषाणूला शिरायला वाट रुंद होते.

बालदम्याशी सर्वांत ठामपणे जोडला गेलेला भाग १७ व्या गुणसूत्रावर आहे. ओआरएमडीएल३ हे जनुक तेथेच असते आणि हा संबंध २००७ मध्ये उघड झाला. मला त्यातली पुढची गोष्ट जास्त मोलाची वाटते : याच भागातील फरक असलेली मुले तान्हेपणी तंबाखूच्या धुरात वाढली, तर लवकर जडणाऱ्या दम्याचा धोका आणखी वाढतो. म्हणजे जनुक बदलता येत नसले, तरी ते ज्या हवेत काम करते ती हवा आपल्या हातात असते.

तपासणीबद्दल माझे मत स्पष्ट आहे : ती करू नका. प्रत्येक फरकाचा वाटा इतका लहान असतो की अहवालावरून ना निदान होते, ना औषध ठरते. रक्तातील इओसिनोफिल, आयजीई (ॲलर्जीशी निगडित प्रतिपिंड) आणि ॲलर्जीची चाचणी यांतून डॉक्टरांना अधिक कळते. रोजचा स्टेरॉइडचा इनहेलर नेमकी हीच भडकलेली सूज शमवतो. त्याचा परिणाम हळूहळू साधतो, त्यामुळे मूल बरे दिसू लागले म्हणून तो परस्पर बंद करू नका. मात्रा कमी करायची ती डॉक्टरांच्या सल्ल्याने. स्पेसर (इनहेलर आणि तोंड यांच्यामधली पोकळ नळी) लावून, हळू श्वास घेत, नंतर चूळ भरून तो घ्यावा.

सर्दीच्या दिवसांत रात्री त्याचा सदरा वर करून छाती पाहा. श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, एक वाक्य सलग बोलता येत नसेल, किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर झटक्यावेळचा इनहेलर देत, सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.