पोटघटकाचे माप कोणाच्या हाती?

रेव्हिट (इमारतीचे संगणकावर प्रतिरूप उभे करण्याचे सॉफ्टवेअर) शिकणाऱ्यांसाठी मराठीत टिपणे लिहिणाऱ्या एका वाचकांचा प्रश्न आहे. रेव्हिटमध्ये फॅमिली म्हणजे एखाद्या घटकाचा साचा, आणि पॅरामीटर म्हणजे त्या घटकाचे बदलता येणारे माप किंवा गुणधर्म. ते विचारतात : "लोखंडी कॉलमच्या फॅमिलीत बेस प्लेटची फॅमिली बसवतो आणि प्लेटच्या फॅमिलीत बोल्टची. मग आतल्या फॅमिलीचे पॅरामीटर बाहेरच्या फॅमिलीच्या पॅरामीटरशी जोडावे लागतात. आत बसवलेल्या घटकाला एके ठिकाणी 'नीडित घटक' म्हटलेले वाचले आणि जोडण्याला 'संलग्नीकरण'. याहून बरे शब्द सुचवाल का?"

'नीडित' म्हणजे घरट्यात बसवलेला, इंग्रजीतल्या 'नेस्टेड'चे भाषांतर. त्याचे काम आपल्याकडे 'पोट' कधीपासून करते आहे. पोटमाळा, पोटकलम, पोटभाडेकरू, जमिनीच्या कागदपत्रांतला पोटहिस्सा. 'उप' लावला की वस्तू शेजारी किंवा एक पायरी खाली जाते. उपनगर शहराच्या कडेला वसते. पोटमाळा मात्र खोलीच्या आतच असतो, खोलीच्याच उंचीतून काढलेला, आणि खोलीची उंची कमी असेल तर त्यावर वाकून वावरावे लागते. प्लेट कॉलमच्या फॅमिलीत अशीच असते. म्हणून 'पोटघटक'. ज्याच्या पोटात तो आहे त्याला 'बाहेरचा घटक' म्हणणे पुरेसे आहे. 'यजमान' मात्र टाळा. दाराला भिंत लागते, त्या भिंतीचे रेव्हिटमध्ये दाराशी जे नाते आहे त्यासाठी तो शब्द राखून ठेवावा लागेल, आणि ते नाते निराळे आहे.

पॅरामीटरला गणिताच्या मराठी परिभाषेत 'प्राचल' आहे, काही ठिकाणी 'प्रचल'. शब्द नेटका आहे, पण स्टीलचे डिटेलिंग करणाऱ्या मुलांपुढे तो आधी समजावावा लागेल आणि मग रेव्हिट. 'माप' हा शब्द मला मोहात पाडतो, कारण पॅरामीटरमधला ग्रीक 'मेट्रॉन' आणि आपल्या 'माप', 'मान', 'परिमाण' यांच्या मुळाशी असलेला 'मा' धातू ही एकाच घराण्यातली भावंडे आहेत. पण रेव्हिटमधला प्रत्येक पॅरामीटर माप नसतो. स्टीलचा दर्जा हा पॅरामीटर असतो, आणि 'बोल्ट दाखवायचा की नाही' हाही. तेव्हा पॅरामीटरच ठेवा, आणि जिथे खरेच लांबी-रुंदी आहे तिथे बिनधास्त 'माप' म्हणा.

आता 'जोडणे'. इथे मला थोडे थांबायचे आहे, कारण तुमच्या प्रश्नातच 'पॅरामीटरशी जोडणे' असे आले आहे आणि सगळी मेख त्या 'शी'मध्ये आहे.

'शी' बहुतेक वेळा बरोबरीचे नाते सांगतो. त्याच्याशी बोललो, तिच्याशी लग्न केले, शेजाऱ्याशी भांडलो. हे प्रत्येक वाक्य उलटे केले तरी खरेच राहते. रेव्हिटमध्ये मात्र जोडणी एकाच दिशेने चालते. पोटघटकाचा पॅरामीटर निवडायचा, त्याच्या शेजारचे बारीक बटण दाबायचे आणि यादीतून बाहेरच्या घटकाचा पॅरामीटर निवडायचा. त्या बटणावर बरोबरचे चिन्ह उमटते, आणि दिशाभूल होते ती तिथे. चिन्ह बरोबरीचे असले तरी आतला आकडा आता करडा पडलेला असतो, त्याला हात लावता येत नाही. बाहेर ३०० मिलिमीटर लिहिले की आत ३०० होतात. आतून बाहेर काही जात नाही.

म्हणून मी 'ला' वापरीन. इंजिनाला डबा जोडतात. 'पोटघटकाचा पॅरामीटर बाहेरच्या पॅरामीटरला जोडा' म्हटले की कोण ठाम उभा आहे आणि कोणाला आणून लावायचे आहे, हे कळते. अडचण एवढीच की गाडीला बैलही जोडतात, आणि तिथे ओढतो तो बैल! 'ला'मुळे जागा ठरते, सत्ता ठरत नाही. तेव्हा टिपणात पहिल्यांदा जिथे हे येईल तिथे एक वाक्य जास्तीचे घाला : पोटघटकाच्या मापाची सूत्रे आता बाहेरच्या घटकाच्या हाती आहेत. नव्या अध्यक्षांनी सूत्रे हाती घेतली, असे रोज वाचणाऱ्या मराठी माणसाला याहून जास्त सांगावे लागत नाही. शिवाय हा शब्द बांधकामाच्या घरचाच आहे. 'सुतार' हा 'सूत्रधार'वरून आला, मापाची दोरी धरणारा तो सूत्रधार. इंचाच्या आठव्या भागाला आजही कारागीर सूत म्हणतात, आणि भिंत सरळ आहे की नाही ते सुतावरच पाहतात. पण बटणाचे किंवा क्रियेचे नाव म्हणून 'सूत्र' नको, कारण 'प्लेटची रुंदी = कॉलमची रुंदी + १५०' असे जे आपण लिहितो त्याला सूत्रच म्हणावे लागणार.

'संलग्न'वर मात्र मी रागावणार नाही. महाविद्यालय विद्यापीठाशी संलग्न असते, विद्यापीठ महाविद्यालयाशी संलग्न आहे असे कोणी म्हणत नाही. म्हणजे 'शी' लावूनही या शब्दात दिशा आहे. 'संलग्न पॅरामीटर' असे विशेषण कागदावर चालेल. 'संलग्नीकरण करा' असे सांगण्याऐवजी मात्र 'जोडा' म्हणा.

तुमच्या उदाहरणात तीन थर आहेत, आणि त्यासाठी एक वेगळे क्रियापद हाताशी असावे. कॉलमच्या फॅमिलीत बसून थेट बोल्टच्या व्यासाला हात घालता येत नाही, तिथून फक्त प्लेटचे पॅरामीटर दिसतात. म्हणून प्लेटमध्ये 'बोल्टचा व्यास' नावाचा तिचा स्वतःचा पॅरामीटर करायचा, बोल्टचा व्यास त्याला जोडायचा, आणि मग कॉलममध्ये येऊन प्लेटचा तो पॅरामीटर कॉलमच्या पॅरामीटरला जोडायचा. याला 'ओवणे' म्हणावे. माळेत मधला मणी वगळून दोरा पुढे नेता येत नाही. शिवाय दोरा जाडा आणि भोक बारीक असले तर ओवले जात नाही. इथेही लांबीला लांबीच लागते, मटेरियलला मटेरियल. लांबी जोडायची असताना बाहेरचा पॅरामीटर चुकून निव्वळ संख्येचा केलेला असेल, तर तो यादीत दिसतच नाही, आणि नवशिके तिथेच अडकतात.

तुम्ही विचारले नाही, पण टिपणात लागेलच म्हणून : टाइप (प्रकार) आणि इन्स्टन्स (त्या प्रकारची एकेक प्रत्यक्ष वस्तू) यांतल्या दुसऱ्याला 'उदाहरण' म्हणू नका. दुकानातला 'नग' तयार आहे. कॉलमची जाडी प्रकाराची, उंची नगाची. एका प्रकारचे चाळीस नग उभे केले, तर जाडी बदलताना चाळीसही बदलतात, उंची बदलताना हातातला एकच.

टिपणातले वाक्य मग असे होईल : 'बोल्ट हा प्लेटचा पोटघटक आहे. त्याचा व्यास आधी प्लेटच्या पॅरामीटरला जोडा, मग प्लेटचा कॉलमच्या पॅरामीटरला. व्यास असा ओवून घेतला की कॉलममध्ये २० चे २४ केल्यावर सगळे बोल्ट बदलतील.'