नणंदेनं आणलेल्या शिश्यांचं काय करू?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर मॅडम. मी दारव्हा तालुक्यात राहते, वय ४६, अंगणवाडीत काम करते. उंची पाच फूट एक इंच, वजन ८८ किलो. काही वर्षांपासून शुगर आहे, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडच्या गोळ्या चालू आहेत. गुडघ्यांचं तर विचारूच नका. माझी नणंद टेक्सासला असते. तिथल्या डॉक्टरच्या देखरेखीत ती आठवड्यातून एकदा सेमाग्लुटाइडची सुई घेते, तिचं वजन बरंच उतरलं. तिचं औषध कंपनीचं नाही, तिथल्या फार्मसीत बनवून मिळतं, स्वस्त पडतं. दिवाळीला येताना तिनं माझ्यासाठी दोन शिश्या आणल्या. आतलं पाणी गुलाबी आहे, लेबलवर एका मिलीत ५ मिलीग्रॅम असं लिहिलंय. ती म्हणते, ‘पाच युनिटपासून सुरू कर, अडलं तर व्हॉट्सॲपवर विचार.’ सासूबाईंच्या इन्सुलिनच्या लाल टोपणाच्या सुया घरात आहेतच. खराब होऊ नये म्हणून शिश्या फ्रीजच्या बर्फाच्या खणात ठेवल्या आहेत. बहिणीला थायरॉइड आहे, त्याची भीती वाटते. मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारपासून सुरू करू का? आणि किती दिवस घ्यावी लागेल?
— एक भगिनी, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, त्या शिश्यांतला एक थेंबही टोचू नका. औषधाचा विचार मात्र सोडू नका. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचं माप, सदतीसच्या आसपास येतो, वर शुगर आहे. हे औषध ज्यांच्यासाठी आहे, त्यांत तुम्ही बसता.

आधी सुईचं बोलते, कारण खरा धोका तिथं आहे. नणंदबाईंचं ‘पाच युनिट’ हे तिकडच्या सुईवरचं माप. तिकडे यू-१०० ची सुई चालते, एका मिलीला शंभर रेघा. पाच रेघा म्हणजे ०.०५ मिली, म्हणजे तुमच्या शिशीतून पाव मिलीग्रॅम. सुरुवातीचा डोस तेवढाच असतो, तिचा हिशेब बरोबर आहे. पण सासूबाईंची लाल टोपणाची सुई यू-४० ची. एका मिलीला चाळीसच रेघा. त्या सुईत पाच रेघांपर्यंत ओढलं तर ०.१२५ मिली येतं, म्हणजे अडीचपट औषध. पहिल्याच दिवशी! आणि हे औषध अंगातून निम्मं उतरायलाच आठवडा घेतं. उलट्या लागल्या तर ते काढून टाकायची सोय नाही. अमेरिकेतही अशा शिश्यांतून लोकांनी पाच ते वीसपट डोस टोचून घेतले आणि दवाखाने गाठले. तिथल्या औषध प्रशासनानं २०२४ मध्ये तसा जाहीर इशारा दिला होता. मिली, मिलीग्रॅम आणि युनिट यांचा घोळ, दुसरं काही नाही.

आता त्या फार्मसीबद्दल. अमेरिकेत चिठ्ठीवरून एकेका रुग्णापुरतं औषध तयार करून देणाऱ्या फार्मसी असतात. लेकराला गोळी गिळता येत नाही म्हणून पातळ करून द्यायचं, कुणाला औषधातल्या रंगाची ॲलर्जी असली तर रंग वगळायचा, असं त्यांचं मूळचं काम. कंपनीच्या सेमाग्लुटाइडचा तिथं तुटवडा पडला तेव्हा कायद्यातल्या सवलतीनं या फार्मसींनी ते बनवायला घेतलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तुटवडा संपल्याचं जाहीर झालं आणि त्यांना काही आठवड्यांत आवरतं घ्यायला सांगितलं गेलं. तरी काही जण बी-१२ सारखं जीवनसत्त्व मिसळून पुढे देत राहिले. तुमचं गुलाबी पाणी बहुधा त्या बी-१२ मुळेच. असं औषध विक्रीला येण्याआधी सरकारनं तपासून मंजूर केलेलं नसतं. नणंदबाईंचं एक वेळ चालेल, त्यांचा डॉक्टर त्यांना पाहतो, काही झालं तर फार्मसीला जाब विचारतो. तुमच्या बाबतीत जाब कोण विचारणार, दारव्ह्याचा मेडिकलवाला?

तसंही त्या शिश्या वाया गेल्यात. हे औषध २ ते ८ डिग्रीत ठेवायचं असतं, पण गोठवायचं अजिबात नसतं. एकदा गोठलं की ते टाकायचं, वितळल्यावर कितीही स्वच्छ दिसो. नणंदेनं मायेनं आणलं, तिला वाईट वाटेल हे कळतं. माझं नाव सांगा.

आपल्याकडे आता हे औषध रीतसर मिळतं. मार्च २०२५ मध्ये याच जातीच्या टिर्झेपटाइडचं मौंजारो आलं, जूनमध्ये सेमाग्लुटाइडचं वेगोवी. आली तेव्हा महाग होती. मौंजारोची सर्वांत कमी डोसची शिशी तेव्हा साडेतीन हजारांची होती, महिन्याला अशा चार. अंगणवाडीच्या मानधनात हे कसं बसणार, मला दिसतंय. पण सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट मार्च २०२६ पर्यंतचंच. त्यापुढचं देशी कंपन्यांचं जेनेरिक, आपल्या औषध नियंत्रकाच्या परवानगीचं, कमी भावात मिळत असेल तर त्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

त्याआधी यवतमाळला फिजिशियनला दाखवून घ्या. तीन महिन्यांच्या शुगरची तपासणी, किडनी, लिव्हर आणि डोळ्यांचा पडदा. शुगर झपाट्यानं उतरली की आधीच दुखावलेला पडदा बिघडू शकतो. सुई सुरू करताना ग्लिमेपिराइड कमी करावी लागते, नाहीतर शुगर एकदम खाली जाते. म्हणून मार्गशीर्षातल्या गुरुवारी तर सुरुवात नकोच: पोटात दिवसभर काही नाही, फार तर साबुदाण्याची उसळ, त्यात गोळी आणि सुई. बहिणीचं साधं थायरॉइड असेल तर भीती नाही. घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी नावाचा कॅन्सर झाला असेल तर मात्र हे औषध वर्ज्य. आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा पिढीजात आजार बऱ्याच घरांत आहे, तुमच्याकडे असेल तर आधीच सांगा. उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी कमी झालं की त्याचा त्रास उफाळतो. आणि पोटाच्या वरच्या भागात, पाठीपर्यंत जाणारी जोराची कळ आली तर व्हॉट्सॲप नाही, दवाखाना.

देखरेख म्हणजे हेच सगळं. पाव मिलीग्रॅमवर चार आठवडे, मग अर्धा, पुढे एक, असं चढत जायचं असतं. मळमळ असेल तर पायरी थांबवायची, आणि ती थांबवायची हे ठरवायला समोर माणूस लागतो.

किती दिवस? खरं सांगायचं तर लांब. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी पंधरा टक्के वजन उतरलं, पण ते शुगर नसलेल्यांचं. शुगर असलेल्यांत दहा टक्क्यांच्या आतच राहिलं. म्हणजे तुमचे आठ-साडेआठ किलो धरा. तुमचे गुडघे तेवढ्यावरही दुवा देतील. सुई बंद केल्यावर मात्र वर्षभरात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश वजन परत आलं. त्यामुळे पैसे असतील तोवर घ्यायचं आणि मग सोडायचं, असं असेल तर दहादा विचार करा.

भूक कमी झाली की बायका आधी वरण सोडतात आणि चहा-बिस्किटावर राहतात. अंगातले स्नायू घटतात, हातपाय गळतात. भाकरी अर्धी करा, पण फोडणीचं वरण, बरबटीची उसळ, अंडं चालत असेल तर अंडं, हे ताटात आधी घ्या. लग्नाच्या पंगतीत ‘अजून एक बुंदीचा लाडू’ म्हणून ताटात टाकणारे आणि ‘वजन कमी करा हो’ म्हणणारे बहुधा एकच असतात, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका.

प्रश्न : वय २७, उंची पाच फूट सात इंच, वजन ७४ किलो. फेब्रुवारीत लग्न आहे. कापसाचे पैसे आले आहेत. मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय सुई देतो म्हणतो. दोन-तीन महिने घेऊन पोट उतरवू का?
— एक शेतकरी, जि. अमरावती

उत्तर : नाही. वेगोवीच्या माहितीपत्रकात बीएमआय ३० लागतो, सोबत शुगर-बीपीसारखं काही असेल तर २७. तुमचा साडेपंचवीस. आणि जो चिठ्ठीशिवाय ही सुई देतो, त्याच्याकडून बीपीची गोळीही घेऊ नका. रोज संध्याकाळचा समोसा-रस्सा लग्नापर्यंत बंद करा, आणि सूट शिवणाऱ्याला कमरेत एक इंच सोडायला सांगा.