घोड्यानं आईला खाल्लं तर खाऊ दे

*मावशी, माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. झोपताना मोबाइल नको, म्हणून मी अ ते ज्ञ प्राण्यांच्या यमकातल्या गोष्टी स्वतः रचल्या. अख्खी वही भरली. पण रोज रात्री तास-दीड तास जातो आणि पोरगा टक्क जागा. ‘घ घोड्याचा, घोडा पळतो टपटप, वाटेत दिसलं गवत, खाल्लं गपगप’ एवढंसुद्धा धड म्हणत नाही. मुद्दाम ‘वाटेत दिसली आई, खाल्ली गपगप’ म्हणतो आणि खिदळतो. मग मी पुन्हा अ पासून सुरू करते. नवरा शेजारी पडून हसतो, की हा आणखी चेकाळतो. अक्षरं पक्की झाली नाहीत तर शाळेत मागे पडेल. ण आणि ळ ला तर प्राणीच मिळत नाहीत. काय करू? — दमलेली आई*

‘मग मी पुन्हा अ पासून सुरू करते.’ हे वाक्य तू ओघात लिहून पुढे गेलीस. मी तिथेच अडकले.

अगं, पोरानं विनोद केला आणि तू त्याला शिक्षा दिलीस! घ पर्यंत आलेला मुलगा पुन्हा अस्वलापाशी. झोप येईल कशी? तू दमली आहेस हे कळतंय, पण तुझा दीड तास पोरगा खात नाहीये. तो ह्या ‘पुन्हा अ पासून’मध्ये जातोय.

आता त्याची ओळ जरा नीट बघ. त्यानं नुसता गवताच्या जागी आईचा शब्द ठेवला नाही. ‘दिसलं’चं ‘दिसली’ केलं, ‘खाल्लं’चं ‘खाल्ली’ केलं. ठेका सांडला नाही, टपटप-गपगपचं यमक जागच्या जागी. साडेचार वर्षांच्या मुलानं, अंथरुणात लोळता लोळता. मराठीचं लिंग चुकवणारी मोठी माणसं मला रोज भेटतात. आणि तू म्हणतेस, धड म्हणत नाही!

मुलं उलटंपालटं कधी करतात, तर सुलटं पक्कं झाल्यावर. घोडा गवत खातो हे ज्याला माहीत नाही, त्याला घोड्यानं आईला खाण्यात काय गंमत वाटणार? कोर्नेई चुकोव्स्की हे रशियन बालकवी. त्यांची मुलगी दोन वर्षांचीही नव्हती, तेव्हा त्यांच्यापाशी येऊन म्हणाली की कुत्रा म्याऊ करतो. ह्यांनी तुझ्यासारखंच सुधारलं: नाही, कुत्रा भो भो करतो. पोरगी हसत पुन्हा तेच म्हणाली आणि बापाच्या तोंडाकडे बघत राहिली. तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तेही म्हणाले, कोंबडाही म्याऊ करतो! मग काय, तिच्या आनंदाला पारावार राहिला नाही. तुझा लेक रोज रात्री अगदी असाच तुझ्या तोंडाकडे बघत असणार. दाद कोण देतं, तर शेजारी पडलेला नवरा. त्याला गप्प करू नकोस.

शाळेत मागे पडेल ही भीती तर सोडूनच दे. ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी १९८३ साली चार-पाच वर्षांच्या मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही शब्द ऐकवायचे आणि त्यांतला आवाजात न जुळणारा कोणता ते ओळखायला सांगायचं. ज्यांचा कान ह्यात तयार होता, ती मुलं पुढे वाचनात बरी निघाली. मुलं तिकडची, इंग्रजी बोलणारी, हे खरं. पण तुझ्या मुलाचा कान तयार आहे की नाही, हे त्या घोड्यानं कधीच सांगितलंय.

आणि एक, रागावू नकोस. वहीतल्या आणखी चार ओळी तू पत्रासोबत पाठवल्यास. त्यांत अस्वल दात घासतं, उंट नखं कापतो, ससा वेळेवर झोपतो म्हणून शहाणा, आणि माकडसुद्धा ‘कृपया’ म्हणतं. माकड! तुझ्या अख्ख्या जंगलात एकही वात्रट प्राणी नाही. मग वात्रटपणा कुणीतरी करायलाच हवा ना?

तेव्हा ऐक. आज रात्री आधी तू चुकायचंस. कासव सांगायला घे आणि सरळ चेहऱ्यानं त्याला झाडावर चढव. तो ओरडेल, ‘आई, चूक!’ मग त्याला दुरुस्त करू दे. तुला अक्षरं पक्की झालेली हवीत ना? त्याच्या दुरुस्तीत ती आपोआप घोटली जातील. रात्रीला एकच अक्षर, तेही त्यानं निवडलेलं. रोज घोडाच मागितला तर रोज घोडा. हसून झालं की दिवा बंद, आणि मग तीच दोन कडवी, न चुकवता, दर खेपेला जरा हळू, आवाज उतरवत. त्या वेळी प्रश्न विचारायचे नाहीत आणि त्याच्याकडून म्हणूनही घ्यायचं नाही. पुन्हा अ पासून तर कधीच नाही.

ण आणि ळ ने मराठीत शब्दच सुरू होत नाहीत, तिथे प्राणी कुठून आणशील? ण हरिणाच्या शेवटी सापडेल. ळ तर कावळा, बगळा, मुंगळा ह्या तिघांतही आहे, आणि यमक आयतं. पण हे तू जुळवत बसू नकोस. दिवसा कधीतरी त्यालाच विचार, ळ कुठे कुठे लपलाय? शेळी त्याला सापडेल, कोळी सापडेल, घरातली पाल मात्र तो हट्टानं ‘पाळ’ करून ढकलेल. चालेल.

वहीत घोड्याच्या पानावर तुझ्या ओळीखाली त्याची ओळ लिही, तो बघत असताना. घ त्याला काढू दे, वाकडा आला तरी खोडरबर हातात घेऊ नकोस.